तबकडी डावीकडेच का पडते

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या लॅबमध्ये मी तेवीस वर्षं सहायक आहे. दोलक, भिंगं, तराजू, तारांची बंडलं सांभाळायची, मुलांनी बिघडवलेलं जमेल तेवढं दुरुस्त करायचं, हे माझं काम. प्रयोगाचं उत्तर चुकलं की मुलं आधी माझ्याकडे येतात आणि मग मॅडमकडे. मलाही बरोबर आलेल्या प्रयोगापेक्षा चुकलेला जास्त आवडतो. बरोबर आलेल्यात बघण्यासारखं फार काही उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन प्राध्यापक मॅडम आल्या. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. एके दुपारी त्या हातात नारिंगी रंगाची प्लास्टिकची तबकडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिचं वजन करून देता? वर एकशे पंच्याहत्तर ग्रॅम छापलंय, मला काही खरं वाटत नाही."

मी वजन केलं. एकशे त्र्याहत्तर भरलं. मग मी ती उलटसुलट करून पाहिली. आपल्याकडे चौपाटीवर फेकतात त्या फ्रिस्बीपेक्षा ही लहान होती, चपटी होती, आणि कडेला धार काढल्यासारखी निमुळती होती. कड दोन बोटं रुंद. वर चार आकडे छापलेले.

मॅडमनी सांगितलं की गोल्फसारखाच एक खेळ असतो. चेंडूऐवजी तबकडी, खड्ड्याऐवजी खांबाला साखळ्या लटकवलेली टोपली. बाहेरगावी शिकत असताना त्या दर शनिवारी तो खेळायच्या. जवळून टाकायची तबकडी वेगळी असते आणि लांबवर फेकायची वेगळी. ही लांब फेकायची. तिला ड्रायव्हर म्हणतात.

"आणि हे आकडे?"

"पहिला वेगाचा, दुसरा किती तरंगते त्याचा. तिसरा आणि चौथा कुठे किती वळते त्याचा. पण ते सगळं जोरात फेकणाऱ्यासाठी. बाकीच्यांना हे आकडे फसवतात."

'फसवतात' हा शब्द ऐकल्यावर मला राहवेना. कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर मागच्या मैदानात गेले. त्यांनी तबकडी उजव्या हातात धरली, छातीशी ओढून घेतली, सगळं अंग फिरवलं आणि सोडली. ती जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून सरळ निघाली, पुढे जाऊन किंचित उजवीकडे कलली, बराच वेळ तशीच गेली, आणि वेग कमी झाल्यावर हळूच डावीकडे येऊन बसली. कोणी कागदावर लांबट 'एस' काढावा तशी. मी पावलं मोजली. एकशे चार.

मग मी टाकली. निघाल्या निघाल्या तिने डावी बाजू खाली केली आणि तिरकी घसरत कुंपणाशी जाऊन पडली. सव्वीस पावलं. पुन्हा टाकली, पुन्हा डावीकडे. मुद्दाम उजवीकडे तोंड करून टाकली, तरी ती वळून डावीकडेच.

"माझ्याकडून उजवीकडे का कलत नाही?" मी विचारलं.

"तुम्ही उजव्या हाताने टाकता तेव्हा वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. अशी फिरणारी तबकडी खूप वेगात असली की उजवीकडे कलते, आणि मंदावली की डावीकडे. आता ही इतकी वेगवान तबकडी आहे की तुमच्या हातून सुटतानाच तिच्या हिशेबाने ती मंदावलेली असते."

"म्हणजे तुम्ही अख्खी फेक टाकता आणि मी फक्त तिचा शेवट."

मॅडम हसल्या. दिवाळीची सुट्टी लागत होती. मी तबकडी महिनाभर मागून घेतली.

आम्ही डोंबिवलीला राहतो, पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ. तिथे तबकडी फेकायला मोकळी जागा कुठली? पण माझे सासरे टिटवाळ्याला एकटे राहतात. निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि आमच्याकडे या म्हटलं की विषय बदलतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या इमारतीमागे पुढच्या इमारतीसाठी सपाट करून ठेवलेला मोठा प्लॉट तेव्हा रिकामा होता. गवत वाळलेलं, एका बाजूला कंपाऊंडची भिंत, पलीकडे काळू नदीकडे जाणारी पायवाट. रविवारी सकाळी मी आणि माझा नवरा तिकडे गेलो.

माझा नवरा लिफ्टच्या देखभालीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. एकावन्न वर्षांचा, शांत माणूस. तबकडी पाहून म्हणाला, "पन्नाशीत हे काय काढलंस?" पण आला. अण्णांनी प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत टाकली आणि पेपर घेऊन बसले. मी जुन्या जर्नलमधली चौकटींची पानं शिवून वही केली होती. प्रत्येक फेकीची रेघ काढायची, पावलं लिहायची आणि कोणी टाकली ते लिहायचं.

पहिल्या रविवारच्या पानावर माझ्या एकवीस रेघा आहेत, सगळ्या डावीकडे वाकलेल्या. वेगळी एकच आहे. त्या वेळी माझा तोल गेला आणि तबकडी उभी पडून चाकासारखी घरंगळत गेली. ती सगळ्यात लांब गेली, पण ती मी मोजली नाही.

नवऱ्याची फेक माझ्यापेक्षा वाईट होती. त्याच्या हातून तबकडी नाक वर करून उठायची, हवेत क्षणभर थांबायची आणि डावीकडे मागे सरकत खाली यायची. पाच वेळा टाकून त्याने ती माझ्या हातात दिली.

"मला नाही जमत गं. मला कधीच काही फेकायला जमलेलं नाही. शाळेत क्रिकेट खेळताना मला अंपायरच करायचे."

"मग इथेही अंपायर व्हा. भिंतीजवळ उभे राहा आणि आणून द्या."

तो खरंच जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या रविवारी नदीच्या पायवाटेवरून एक गृहस्थ आले. जवळच्या जुन्या गावातले, पन्नाशीचे, खांद्यावर मासे धरायचं फेकजाळं, हातात पिशवी. ते थांबून बघत राहिले.

"काय ओ ताई, थाळी का फेकताय?"

मी म्हटलं, "तुम्ही टाकून बघा."

त्यांनी जाळं खाली ठेवलं, तबकडी बोटांत फिरवून धार पाहिली, पाय रोवले आणि कमरेतून असं अंग पिळून सोडली की सूं असा आवाज आला. ती सरळ गेली, उजवीकडे कलली, कलतच गेली आणि परत डावीकडे आलीच नाही. उजवीकडे पार उलटी होऊन रस्त्यालगतच्या खडीवर आपटली. त्र्याऐंशी पावलं. मी धावत जाऊन मोजून आले तोवर ते स्वतःवरच हसत होते.

"उताणी झाली की ओ!"

मला मात्र नाचावंसं वाटलं. वहीत पहिल्यांदाच उजवीकडे जाणारी रेघ आली होती. मी त्यांना म्हटलं, "माझी डावीकडे जाते, तुमची उजवीकडे. तबकडी तर एकच आहे."

"तुम्ही नुसत्या हातानं टाकताय. हातानं नाय, कमरेनं. जाळं पण तसंच. हातानं टाकलं तर गोळा होऊन पडतंय, कमरेनं टाकलं तर उघडतंय."

त्यांनी मला उभं कसं राहायचं ते दाखवलं, मागचा पाय कुठे, खांदा कधी. मी टाकली. सदतीस पावलं. तरी डावीकडेच, पण जरा उशिरा. मग ते गेले, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी जाता-येता एकदा टाकून जायला लागले. फोनवर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जोर भरपूर आहे आणि सोडताना बाहेरची कड थोडी वर जाते. म्हणून पलटते." म्हणजे जोर कमी पडला तरी ती मनासारखी जात नाही आणि जोर असून मनगट जरा चुकलं तरी नाही. मला ती तबकडी आणखीच आवडायला लागली.

जे सांगायचं आहे ते तिसऱ्या रविवारी घडलं.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. माझी फेक नेहमीसारखी भिंतीकडे गेली आणि नवरा ती उचलायला वाकला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा सोसायटीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि त्याचा मेकॅनिक विचारत होता. उजव्या हाताने फोन कानाला लावून तो बोलत होता, "घाबरू नको, आधी मेन स्विच बंद कर, आतल्या माणसाशी बोलत राहा." तबकडी डाव्या हातात होती. ती नकोशी झाली असावी. बोलता बोलताच त्याने ती आमच्याकडे भिरकावली.

तबकडी माझ्या डोक्यावरून गेली. अण्णांच्या खुर्चीवरून गेली. एकदम सपाट, जराही न डगमगता, डावीकडे थोडीशी कलून, आणि थेट इमारतीच्या पाण्याच्या टाकीजवळ गेल्यावर उजवीकडे वळून बसली. मॅडमची फेक आरशात पाहावी तशी.

मी ओरडले, "अहो! हे काय केलंत?"

त्याला वाटलं काहीतरी फोडलं. "कोणाला लागलं का?" फोन तसाच कानाला.

मी पावलं मोजायला निघाले. अठ्ठावन्न. परत आले तेव्हा त्याचा फोन संपला होता आणि तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत उभा होता. मी तबकडी त्याच्या डाव्या हातात दिली. "पुन्हा टाका."

"अगं, चुकून गेली ती."

"चुकून पुन्हा टाका."

त्याने टाकली. पुन्हा तशीच. एकसष्ट. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा अण्णांनी पेपरची घडी केली, खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, "पावलं मी मोजतो." ते काठी टेकत टेकत टाकीपर्यंत गेले. शिक्षकांच्या मोठ्या आवाजात पावलं मोजत होते, पण चाळिसाच्या पुढे आवाज ऐकू येईना. मला वाटलं दम लागला असेल. परत आले आणि म्हणाले, "चला, चहा टाकतो."

चहा त्यांनीच केला. कप पुढे ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हा डावखुरा होता."

मी नवऱ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांचा संसार, आणि हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मला काही आठवत नाही, अण्णा."

"पहिलीत होतास. गावच्या शाळेत मीच तुझा वर्गशिक्षक. पाटीवर डाव्या हाताने काढायचास. मी डावं मनगट रुमालाने कमरेच्या पट्ट्याला बांधायचो. सकाळी बांधायचो, मधल्या सुट्टीत सोडायचो, परत बांधायचो. दीड वर्ष." ते कपाकडे बघत बोलत होते. "तेव्हा सगळे तसंच करायचे. मास्तरचाच मुलगा डाव्या हाताने लिहितो म्हटल्यावर मी दुसऱ्यांच्या मुलांना काय सांगणार होतो? आणि पंगतीत लोक हसायचे. तुला हसलेलं मला आवडायचं नाही."

मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, सवय मोडली."

मी त्या दिवसापासून नवऱ्याकडे नव्याने बघायला लागले. कुलूप तो डाव्या हाताने उघडतो. नट घट्ट बसला असेल तर पाना डाव्या हातात घेतो. दारात कोणी आलं तर पुढे होणारा पाय डावा. हे सगळं माझ्यासमोर इतकी वर्षं चाललं होतं आणि मी लॅबमध्ये मुलांना सांगत होते की आधी नीट निरीक्षण करा.

त्याच रविवारी दुपारी टिटवाळा स्टेशनवर कल्याणकडच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "मला आठवतं."

"काय?"

"रुमाल. पांढरा, निळ्या काठाचा. अण्णांना दुखवायचं नव्हतं म्हणून नाही म्हणालो."

"राग यायचा?"

त्याने थोडा विचार केला. "नाही गं. विचित्र वाटेल तुला. शाळेत ते माझ्याशी बापासारखं कधीच बोलायचे नाहीत. इतर मुलांसारखंच, जरा जास्तच कडक. फक्त तो रुमाल बांधायला माझ्यासमोर गुडघे टेकून बसायचे. हळू बांधायचे, रुतू नये म्हणून दोनदा बघायचे. मला ते आवडायचं. दीड वर्षाने बांधायचं बंद केलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं."

गाडी आली.

सुट्टी संपल्यावर तबकडी मॅडमना परत केली. कडेला खडीचे आणि भिंतीचे ओरखडे पडले होते. मी माफी मागितली. मॅडमनी मैदानात जाऊन एक फेक टाकली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पूर्वी किंचित उजवीकडे कलायची ती आता चांगलीच कलली आणि डावीकडे यायला फार वेळ लावला.

"बघा, हिचा स्वभाव बदलला. कड झिजली की असं होतं. नवी होती तेव्हा हट्टी होती, आता सैलावली." त्यांना वाईट वाटण्याऐवजी मजा वाटत होती. मग त्यांनी माझी वही मागितली आणि उभ्या उभ्या सगळी पानं पाहिली. डाव्या हाताच्या रेघांपाशी थांबल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं न वापरलेला हात पहिल्याच फेकीत कसा बरोबर सोडतो?" मी विचारलं.

"तो हात पाना फिरवतोय ना रोज. तेवढ्याने होत असेल का? मला माहीत नाही. मला फक्त हातातून सुटल्यानंतरचं माहीत आहे."

पुढच्या रविवारी त्या स्वतःच टिटवाळ्याला आल्या. त्यांनी आणि माझ्या नवऱ्याने एका रेषेत उभं राहून तीच तबकडी आळीपाळीने टाकली, त्यांनी उजव्या हाताने, त्याने डाव्या. त्यांची उजवीकडून फिरून डावीकडे यायची, त्याची डावीकडून फिरून उजवीकडे. वहीत मी दोन्ही रेघा एकमेकींवर काढल्या तर मधे पानासारखा आकार तयार झाला. जाळंवाले गृहस्थही थांबले. त्यांनी माझ्या नवऱ्याला म्हटलं, "दादा, तुमचा हात लय भारी हाय. नदीवर या, जाळं शिकवतो." कधीही कुठल्या खेळाच्या टीममध्ये न घेतलेला माझा नवरा लाजला.

माझ्यासाठी मॅडमनी दुसरी तबकडी आणली होती. वजनाने हलकी, कड कमी रुंद, जोर कमी असणाऱ्यांसाठीची. मी पाय रोवले, कमरेतून फिरले आणि सोडली. ती सरळ गेली. मग तिने, खोटं सांगत नाही, उजवी बाजू जराशी खाली केली. उजवी! कलली, तशीच तरंगली आणि शेवटी डावीकडे येऊन गवतात बसली. एकावन्न पावलं. अख्खी फेक. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की वरच्या गॅलरीतून दोघीतिघींनी वाकून पाहिलं.

अण्णा खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. मॅडम त्यांच्याजवळ पाणी प्यायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "डावखुऱ्या माणसासाठी तबकडी वेगळी घ्यावी लागते का हो?"

"नाही काका. तीच. उलटी फिरते आणि उलटी वळते, एवढंच. तितकीच लांब जाते."

अण्णांनी मान हलवली.

मॅडम गेल्यावर आम्ही जेवलो. अण्णांनी आमटी-भात केला होता. हात धुऊन आल्यावर त्यांनी कपाटातून एक दुरेघी वही आणि पेन्सिल काढली, नवऱ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "डाव्या हाताने लिहून दाखव."

"अण्णा, आता? एकावन्नाव्या वर्षी?"

"माझं बघायचं राहिलंय."

नवऱ्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. मुठीत धरल्यासारखी धरली, मग बोटं बदलली. स्वतःचं नाव लिहायला लागला. अक्षरं वाकडी, मोठी, दोन रेघांच्या बाहेर जाणारी. अण्णांनी चष्मा पुसून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "काना सरळ काढ. उभी रेघ उभीच हवी." आम्ही तिघंही हसलो, आणि अण्णांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

त्याने खाली दुसऱ्यांदा लिहिलं, मग तिसऱ्यांदा. डाव्या हाताने लिहिताना वही पुढे सरकत होती. अण्णांनी हात लांब करून तिचा वरचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरला, आणि तो पान संपवेपर्यंत धरून ठेवला.